मानेचं गाणं

फवाऱ्याला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, पुतणी ‘काका’ म्हणते आणि उरलेला सगळा रस्ता, चपला शिवणाऱ्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टरपर्यंत, ‘फवारा’ म्हणतो. माणूस साठीला टेकला, डोक्यावरचा शेवटचा केसही गेला, पण नाव मात्र अजून अर्ध्या चड्डीतच आहे.

ते ठेवलं थोरल्या भावानं. दादाचं सलून होतं, दोन खुर्च्यांचं, आणि धाकट्याला त्यानं शाळा सुटल्यावर तिथं उभं करायला सुरुवात केली. कात्री हातात द्यायचं वय नव्हतं, म्हणून पाण्याच्या फवाऱ्याची बाटली दिली. बादली उपडी घालायची, तिच्यावर चढायचं आणि दादानं मान हलवली की गिऱ्हाइकाचे केस भिजवायचे. पण बाटलीचं आणखी एक काम होतं आणि ते जास्त महत्त्वाचं. खुर्चीतल्या माणसाला डुलकी लागते. डोक्यावरून दुसऱ्याचा हात फिरायला लागला की कुणालाही लागते, भल्याभल्यांना लागते. आणि दादाचा नियम असा, की गिऱ्हाईक झोपलं की वस्तरा खाली. मग बाहेर कितीही माणसं खोळंबलेली असोत.

“झोपलेल्या माणसाच्या गळ्याला पातं लावायचं नाही,” तो म्हणायचा. “त्यानं हो म्हटलेलं नसतं.”

मग बादलीवरच्या पोराकडे बघून तो भुवई उडवायचा. पोरगं तोंडावर हलकासा फवारा मारायचं, माणूस दचकून उठायचा आणि दादा साळसूदपणे विचारायचा, “पाऊस आला वाटतं?” सगळं सलून हसायचं. हा एकच विनोद त्यानं जन्मभर केला आणि, खरं सांगायचं तर, जन्मभर तो चालला.

दादाचं दुसरं खूळ गाण्यांचं. आवड वगैरे नव्हे. घरी तो कधी गुणगुणलासुद्धा नाही. त्याला गाणी लागत ती कामाला, जशी कात्री लागते तशी. प्रत्येक गाण्याला काम नेमून दिलेलं होतं. ट्रम्पेटनं सुरू होणारं गाणं लागलं की कापड झटकून गळ्याभोवती बांधायचं. एका पुरुषाच्या ठणठणीत आवाजातलं लागलं की मागची बाजू धरायची. बाई गाता गाता मध्येच हसते ते कानांवरचं, ढोलकीचं ते साबणाला फेस आणायचं. आणि वस्तरा गळ्याशी, मानेशी आला की नुसती बासरी आणि एका बाईचा संथ आवाज. त्यात तालवाद्य म्हणून नाही. “ताल असला की हात नाचतो,” दादा म्हणायचा, “आणि इथं हात नाचून चालत नाही.” शेवटी घोड्याच्या टापांचं गाणं. ते लागलं की पावडर मारायची, कापड ओढून घ्यायचं आणि माणसाला उभं करायचं.

गंमत अशी की गिऱ्हाइकांनाही ते नकळत ठाऊक झालं होतं. बासरी वाजली की माणसं आपणहून मान खाली घालत आणि घोडा धावायला लागला की मांडी झटकत उठत. कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा हे सगळं कॅसेटवर होतं. पहिली बाजू केसांची, दुसरी दाढीची. ती उलटायचं काम अर्थात फवाऱ्याचं. आणि पोराचं लक्ष रस्त्यावर असलं की व्हायचं काय, गिऱ्हाइकाच्या गळ्यात अजून कापडही नाही आणि बासरी सुरू. मग दादाचा आवाज यायचा, “फवारा! उलटी लावलीस!” पुढे कॅसेटचं दुकान बंद होताना त्या दुकानदारानं सगळी गाणी दादाच्या क्रमानं एका लाल पेनड्राइव्हमध्ये भरून दिली. हरवू नये म्हणून दादानं त्याला अर्धा तुटलेला कंगवा दोऱ्यानं बांधला. पेनड्राइव्ह एका काळ्या स्पीकरच्या खोक्यात खुपसला, आणि ते खोकं सकाळी सुरू व्हायचं ते दुकान बंद होईपर्यंत न चुकता त्याच क्रमानं वाजायचं. उलटायला काही उरलं नाही. फवारा तोवर स्वतः दुसऱ्या खुर्चीचा मालक झाला होता, पण त्याला वाईट वाटलं.

मग दादा विसरायला लागला. आधी चष्मा, किल्ल्या, म्हणजे जे सगळेच विसरतात ते. मग एकदा एका गिऱ्हाइकाचा डावा गाल केला, हात धुतले आणि उजवा तसाच ठेवून जेवायला निघून गेला. ते गिऱ्हाईक जुनं, समजूतदार. फवाऱ्यानं गाल पुरा केला. दोघंही एकमेकांकडे न बघता आरशात बघत राहिले. असं पुन्हा झालं, आणखी झालं. शेवटी दादाच्या हातातून कात्री काढून घ्यावी लागली आणि ती फवाऱ्यालाच घ्यावी लागली. त्या दिवसाबद्दल तो कुणाशी बोलत नाही, तेव्हा आपणही ते इथंच सोडू.

दादाची एकुलती एक लेक, म्हणजे फवाऱ्याची पुतणी, बसच्या आगारात गाड्या सोडायचं काम करते. पाळीची नोकरी. वडील भलत्या वेळी दार उघडून चालू पडायला लागले तेव्हा तिनं त्यांना वृद्धांच्या निवासात ठेवलं. यावर कुणी नाकं मुरडायचं कारण नाही. नाकं मुरडणाऱ्यांपैकी एकही जण पहाटे दादाला शोधायला गेला नव्हता; ती जात होती, गणवेशात, कामावर जायच्या आधी.

निवास स्वच्छ, खोली हवेशीर, सिस्टर कामाला चोख. अडचण एकच. दादा कुणाला चेहऱ्याला हात लावू देईना. वस्तरा तर सोडाच, ओल्या फडक्यानं तोंड पुसायला गेलं तरी मनगट धरायचा, आणि जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाची पकड ती. दाढी वाढली. दाढीखाली कातडीवर पुरळ आलं, ते खाजवून चिघळलं. फवारा वस्तरा घेऊन गेला तर दादानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी परका खिसा कापायला आलाय. “कोण तू?” म्हणाला आणि छातीवर हात ठेवून त्याला ढकललं.

सिस्टर त्याला बाहेर घेऊन गेल्या.

“काका, डॉक्टर शुक्रवारी येतायत. जखमेला हवा लागली पाहिजे, औषध लागलं पाहिजे. त्यांचं म्हणणं, झोपेचं इंजेक्शन द्यायचं आणि दाढी काढून टाकायची. पाच मिनिटांचं काम.”

“झोपेत?”

“मग कसं करणार? जागेपणी हात लावू देतायत का?”

“सिस्टर, झोपेत नको.”

“अहो, त्यांना कळणारही नाही.”

“म्हणूनच नको म्हणतोय.”

सिस्टरना ते समजलं नाही आणि त्यांचं चुकलंही नाही. त्यांना चिघळलेली कातडी दिसत होती. पण दादाला झोपवून, मान एका अंगाला टाकून कुणीतरी भराभर भादरतंय, हे चित्र फवाऱ्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्या माणसानं एकाही माणसाच्या गळ्याला त्याच्या नकळत पातं लावलं नाही, त्याच्याच गळ्याला? “शुक्रवारच्या सकाळपर्यंत मला द्या,” तो म्हणाला. “जागेपणी बसवून करतो. नाही जमलं तर तुमचं इंजेक्शन.”

“बघा बाई,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना सगळ्यांनाच बाई म्हणायची सवय होती.

दुकानात परतल्यावर त्याचं लक्ष फळीवरच्या काळ्या खोक्याकडे गेलं. ते कधीचंच मुकं झालं होतं. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं होतं आणि याचे भाग आता मिळत नाहीत म्हणून पुन्हा मिटलं होतं. तेव्हापासून सलूनमध्ये नुसतीच कात्री वाजायची. गिऱ्हाइकं कानात आपापली गाणी घालून बसत. पण लाल पेनड्राइव्ह खोक्यात तसाच होता, अर्धा कंगवा खाली लोंबकळत. फवाऱ्यानं तो ओढून काढला आणि थेट मोबाइलच्या दुकानात गेला. पुतणीनं वापरून जुना झालेला स्मार्टफोन त्याला दिला होता. त्यावर तो फक्त फोन घ्यायचा, तोही कधी कधी उलटा धरून.

दुकानदारानं करंगळीएवढी एक वस्तू पुढे केली. एका टोकाला पेनड्राइव्ह घुसतो, दुसरं टोक फोनच्या चार्जिंगच्या भोकात. “याला ओटीजी म्हणतात. सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करायचं. मग फाइल्समध्ये पेनड्राइव्ह दिसेल. आणि हे बघा, फोननं ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर चुकूनही हो म्हणू नका. सगळं पुसलं जाईल.”

घरी बायकोनं ती वस्तू दिव्यापाशी धरून पाहिली.

“काय म्हणालात नाव?”

“ओटीजी.”

“एवढ्याशा टिकलीला ‘जी’? मला चाळीस वर्षांत कुणी ‘जी’ लावलं नाही.” तिनं खुर्ची ओढली. “या, ओटीजी, बसा. चहा घेणार?”

“थट्टा पुरे. माझ्या बोटाकडे लक्ष ठेव. फॉरमॅट आलं तर हात धर.”

“धरणार नाही, मारणार.”

पेनड्राइव्ह तिरका बसला होता की काय कोण जाणे, पहिल्याच फेरीत फोननं काहीतरी विचारलं. वाचायच्या आधीच बायकोनं त्याच्या हातावर चापट मारली आणि फोन टेबलाखाली गेला. उचलला, पुसला, ओटीजी पुन्हा नीट दाबून बसवला. सेटिंग सापडेपर्यंत फवाऱ्यानं उजेड कमी केला, घंटी बंद केली आणि अक्षरं मोठी करून ठेवली. शेवटी फाइल्स उघडल्या. पेनड्राइव्हचं नाव दिसलं, त्यावर बोट ठेवलं, नावांची एक लांबलचक माळ खाली उतरली. इंग्रजी अक्षरं, आकडे, काहीच्या काही. त्यानं कुठंतरी बोट टेकवलं आणि स्वयंपाकघरात बाई गाता गाता हसली.

“अगं बाई,” बायको म्हणाली. “हिला मी ओळखते. तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा ही हसत असायची. मला वाटायचं, मलाच हसतेय.”

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या जेवणानंतर निवासात गेला. बुधवार होता. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, नजर कुठंच नाही. फवाऱ्यानं काही न बोलता फोन कॉटवर ठेवला, ओटीजी लावला, माळेतल्या सर्वांत वरच्या नावावर बोट ठेवलं आणि आवाज वाढवला.

बासरी.

दादाचे हात हलले. मग हळूहळू, जणू कुणी मागून दोन बोटांनी दाबतंय, त्याची मान खाली गेली. मागचा भाग उघडा पडला, पांढरे केस कॉलरवर वळलेले. तो वाट बघत होता. फवारा जागच्या जागी थिजला. पिशवीतून कापडसुद्धा काढलं नव्हतं. वस्तरा तर डबीत, डबी पिशवीच्या तळाशी. उचकापाचक करून हाताला लागेपर्यंत गाणं संपलं आणि पाठोपाठ घोड्याच्या टापा सुरू झाल्या.

दादानं मान वर केली. मांडी झटकली, एकदा डावी, एकदा उजवी, आणि उठून दाराकडे चालायला लागला. झालं होतं त्याचं.

“दादा, अरे थांब, बस, अजून…” फवाऱ्यानं दंडाला धरलं. दादानं हात झिडकारला, वळला आणि त्याच्या कपाळाला तीच आठी पडली, जी पूर्वी सलूनच्या दोन्ही आरशांत दिसायची.

“फवारा!” तो ओरडला. “उलटी लावलीस!”

आणि झालं, पुन्हा चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. तो दारापाशी उभा राहिला आणि आपण इथं का आलो ते त्याला कळेना. सिस्टर धावत आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की दोघं म्हातारे उभे आहेत, एक गोंधळलेला आणि दुसरा हातात कापड धरून ढसाढसा रडतोय.

“मारलं का त्यांनी?” सिस्टरनी विचारलं.

“नाही हो. रागावला. माझ्यावर रागावला. नाव घेऊन.”

संध्याकाळी पुतणी आगारातून परस्पर काकाच्या घरी आली. तिनं फोन हातात घेतला, माळ वरपासून खालपर्यंत सरकवली आणि कपाळावर हात मारला.

“काका, फोन गाणी अक्षरांच्या क्रमानं लावतो. ज्याच्या नावाचं अक्षर आधी, ते आधी. तुमचं जुनं खोकं अडाणी होतं म्हणून बरं होतं. ज्या क्रमानं आत टाकलं त्या क्रमानं वाजवायचं.”

“म्हणजे फोन शिकलेला म्हणून घोटाळा,” बायको म्हणाली.

“तसंच समजा. आता प्रत्येक गाण्याच्या नावाआधी आकडा घातला की झालं. मी घालते. तुम्ही फक्त सांगा पहिलं कुठलं, दुसरं कुठलं.”

“पहिलं कापडाचं.”

“त्याचं नाव काय?”

“कापडाचं,” तो म्हणाला.

“काका, नाव. गाण्याचे शब्द. काहीतरी.”

त्याला एकाही गाण्याचे शब्द येत नव्हते. जन्मभर ऐकली, पण कानांनी नाही ऐकली. ती हातांत गेली होती. बासरीचं आणि घोड्याचं ओळखता आलं, बाकीच्यांत मात्र त्याचं डोकं गरगरायला लागलं. पुतणीनं एक लावावं, त्यानं डोळे मिटून ‘हे बहुतेक माथ्याचं, नाही, थांब’ म्हणावं, तिनं दुसरं लावावं. ती गाड्या सोडणारी बाई. एक गाडी चुकीच्या वेळी सुटली तर काय होतं ते तिला ठाऊक होतं. तिनं धीर सोडला नाही, पण पाय हलवायला लागली.

मग बायको उठली, तिनं स्वयंपाकघरातला टॉवेल घेतला, स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि स्टुलावर येऊन बसली.

“कापा,” ती म्हणाली.

“काय?”

“माझे केस कापा. खोटे खोटे. कात्री धरा हातात. डोक्याला नका विचारू, हाताला विचारा. आणि खरंच कापलेत तर बघा.”

फवाऱ्यानं कात्री घेतली, कंगवा घेतला आणि तिच्यामागे उभा राहिला. पुतणीनं गाणं लावलं. त्याचे हात आपोआप तिच्या कानाशी गेले. “कान,” तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. पुढचं लावलं, हात माथ्यावर. पुढचं, हात थांबले, डबीतला ब्रश शोधायला लागले. साबण. पुतणी भराभर टाइप करत होती. तिनं गाण्यांची जुनी नावं पुसून सरळ तीच लिहिली, आकडा आणि पुढे कापड, पाठ, कान, साबण, मान.

एका गाण्याला मात्र त्याचे हात खाली गेले. गुडघ्याच्या उंचीवर काहीतरी धरल्यासारखे. नाचरं, पोरकट गाणं होतं, मधेमधे शिट्टी वाजत होती. तो वाकला, दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी आडवं उचललं आणि स्टुलावर ठेवल्यासारखं केलं.

“हे काय?” बायकोनं विचारलं.

“फळी,” तो म्हणाला. “लहान पोरांना बसवायला खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकायचो ना आम्ही. हे फळीचं गाणं. शिट्टी वाजली की पोरं तोंड वर करतात, तेवढ्यात कपाळावरचे कापून घ्यायचे.” मग त्यानं पुतणीकडे पाहिलं. “हे आधी नव्हतं बरं का. तू फार रडायचीस. कात्री बघितली की आकांत. तेव्हा दादानं कुठून तरी शोधून आणलं.”

पुतणीचं बोट फोनवर थांबलं. तिनं ते गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. शिट्टी आली तेव्हा ती तोंड वर करून छताकडे बघत होती.

“याला आकडा नको घालू,” फवारा म्हणाला. “शेवटी जाऊ दे.”

“घालतच नाहीये,” ती नाक पुसत म्हणाली. “आणि काकू, टॉवेल काढा आता, तुमच्यावर खोटे केस पडलेत.”

शुक्रवारी सकाळी फवारा निवासात पोचला तेव्हा उन्हं खिडकीतून खुर्चीपर्यंत आली होती. पुतणी सोबत होती, रजा टाकून. डॉक्टर अकराला यायचे होते. सिस्टरनी इंजेक्शनचा ट्रे टेबलावर ठेवला, वर रुमाल झाकला आणि म्हणाल्या, “बघा बाई.”

या वेळी त्यानं आधी सगळं मांडलं. कापड, कात्री, साबणाची वाटी, वस्तरा, पाण्याची बाटली, पावडर. छोटा आरसा पुतणीच्या हातात दिला आणि तिला समोर उभं केलं. कॉटवर फोन, फोनला ओटीजी, ओटीजीला पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हला अर्धा कंगवा. मग म्हणाला, “लाव.”

ट्रम्पेट वाजलं. फवाऱ्यानं कापड झटकलं, असं की आवाज झाला पाहिजे, आणि दादानं हनुवटी वर केली. कापड गळ्याभोवती बसलं. फवाऱ्याला कुणी ढकललं नाही. ठणठणीत आवाजाला त्यानं मागचे केस धरले. बाई हसली तेव्हा कान. फवारा एक शब्द बोलत नव्हता. बोलला असता तर रडला असता, आणि कात्री हातात असताना रडायची सलूनमध्ये पद्धत नव्हती. ढोलकीला फेस आला. ब्रश जखमेच्या कडेनं गेला तेव्हा दादानं श्वास ओढला, सिस्टर पुढे आल्या, पण हात मांडीवरच राहिले. गाल झाले. कातडी दिसायला लागली, लाल, ओली, पण दिसायला लागली. एक गाल, मग दुसरा. दोन्ही.

बासरी सुरू झाली. दादानं डोकं मागे टेकवलं, गळा उघडा केला आणि डोळे मिटले. वस्तरा हनुवटीखाली टेकला, थोडा खाली उतरला. आणि फवाऱ्याला बोटाखाली कळलं. श्वास बदलला होता. खांदे सैल. तोंड किंचित उघडं.

दादा झोपला होता.

त्यानं वस्तरा उचलला आणि वाटीत ठेवला.

“काय झालं?” सिस्टर कुजबुजल्या. “झोपले? अहो, मग बरंच झालं की! घ्या उरकून पटकन. गळाच राहिलाय.”

“नाही.”

“काका, डॉक्टर येतायत.”

“येऊ देत. तो झोपलाय.”

“इंजेक्शनशिवाय झोपले, आपणहून झोपले, आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

फवाऱ्यानं फोनकडे कान दिला. बासरीचं गाणं संपत आलं होतं. ते संपलं की घोडा, आणि घोडा लागला की सगळं हातातून गेलं. त्यानं पुतणीकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं फोन उचलून मानेचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग फवाऱ्यानं पाण्याची बाटली घेतली. उभं राहून उंची जास्त होत होती, म्हणून तो गुडघ्यांत वाकला, बादलीवर उभ्या असलेल्या पोराएवढा झाला आणि भावाच्या तोंडावर हलकासा फवारा मारला.

दादानं डोळे उघडले. पापण्यांवर थेंब होते. त्यानं छताकडे पाहिलं, खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं, मग समोर वाकलेल्या टकल्या म्हाताऱ्याकडे.

“पाऊस आला वाटतं?” दादा म्हणाला.

आणि पुन्हा डोकं मागे टेकवलं, डोळे उघडे ठेवून.

फवाऱ्याचा हात नाचला नाही. त्यानं गळा केला, मग खांद्याला हलकेच स्पर्श केला तशी दादानं मान खाली घातली, आणि त्यानं मागची रेघ सरळ केली. सिस्टरनी मुकाट्यानं ट्रे उचलला आणि मलमाची ट्यूब घेऊन आल्या. जखमेवर मलम लागलं. घोडा धावायला लागला. पावडर, कापड बाजूला, आणि दादा मांडी झटकत उभा राहिला. पुतणीनं आरसा वर धरला. त्यानं आत डोकावून पाहिलं, हनुवटी डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. गिऱ्हाइकाचं काम बघावं तसं. आरशावरून त्याची नजर लेकीच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथं जरा रेंगाळली.

फोनला नंतर कुणी हात लावला नव्हता. शिट्टीचं पोरकट गाणं होऊन गेलं, आणि माळ पुन्हा वरून सुरू झाली. ट्रम्पेट.

दादानं खुर्चीवरचं कापड उचललं. झटकलं, आवाज झाला. इकडेतिकडे पाहिलं आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या.

“पुढचा,” तो म्हणाला.

सिस्टरनी वस्तरा आणि कात्री आधीच उचलून घेतली होती. त्या काही बोलणार, तर पुतणीनं त्यांच्या हाताला हात लावला. फवारा येऊन खुर्चीत बसला. दादानं कापड त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं, मागं गाठ मारली, बोट घालून बघितलं की फार घट्ट तर नाही. मग कंगवा हातात घेऊन त्या तुळतुळीत डोक्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“भिजवून घ्यावं लागेल,” दादा म्हणाला आणि बाटलीकडे हात केला.